अपडाउनची सायकल

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन सायकलींनी माझं डोकं खाल्लं आहे. नोकरी लागली त्याचा आनंद घरात जेमतेम एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवसापासून विषय सायकलचा. म्हणून ही डायरी सुरू केली. निदान इथे माझं बोलणं कोणी मध्येच तोडणार नाही.

नोकरी धुळ्याला, अवधानच्या एमआयडीसीत, तेलाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. दिवसभर तेलाचे नमुने तपासायचे. सतरा तारखेला हजर व्हायचं आहे. घर जळगावला, पिंप्राळ्यात. मध्ये एरंडोल, पारोळा आणि एसटीचे दोन-अडीच तास. अवधान धुळ्याच्या बाहेर हायवेवर आहे. तिकडे रिक्षा जातात, पण भरल्याशिवाय जागच्या हलत नाहीत. घरात स्कूटर एकच, ती नानांची. मला सायकल शाळेपासून आवडते आणि सायकलवर असले की माझं डोकं जरा थाऱ्यावर असतं. तेव्हा सायकल घ्यायची, इथपर्यंत घरात एकमत.

पुढे फाटा फुटतो. एक आहे फोल्डिंग: लहान चाकांची, मधोमध घडी घालून एसटीच्या डिकीत टाकता येणारी. ती घेतली तर रोज अपडाउन, म्हणजे संध्याकाळी घर. दुसरी हायब्रिड: मोठी चाकं, सरळ हँडल, गिअर. ती रोज बसमध्ये नेता येत नाही. म्हणजे धुळ्यात खोली घ्यावी लागणार. नाना म्हणतात फोल्डिंग. मी म्हणते मला फक्त चांगली सायकल हवी आहे, बाकी कशाशी माझा संबंध नाही. आई काहीच म्हणत नाही, मेथी निवडते.

नाना म्हणजे माझे वडील, पितांबर नाना. एसटीत ड्रायव्हर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. जवळजवळ सगळी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी गाडी घेऊन खेड्यावर जायचं, तिथेच झोपायचं, पहाटे पहिली फेरी घेऊन परत. लहानपणी मी त्यांना पाहिलं ते बहुतेक दुपारी घोरताना. आता तोच माणूस म्हणतो, पोरीनं संध्याकाळी घरी यायला पाहिजे. माझा भाऊ प्रशीलदादा सहा वर्षं पुण्यात राहतो, त्याला अपडाउन कोणी सांगितलं नाही. पुणे लांब आहे म्हणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गिरधर शेठच्या दुकानात जाऊन दोन्ही चालवून पाहिल्या. नाना सोबत आले. मी नको म्हटलं होतं.

हायब्रिडवर बसले आणि महाबळच्या बाजूला चक्कर मारली. काय सांगू. दोन पायडल मारले की ती आपली आपण पळते. रस्ता खाली खाली सरकत जातो आणि आपण वर बसलेले असतो. परत यायचं मनच होईना, आणखी एक चौक, आणखी एक चौक करत मी बरीच लांब गेले. आले तेव्हा शेठ रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांना वाटलं सायकल गेली.

मग फोल्डिंग. चालते, नाही असं नाही. पण पाय भराभर फिरवावे लागतात आणि खड्डा आला की थेट मणक्याला कळतं. घडी मात्र झकास होते. बिजागरी सोडली, हँडल पाडलं, सीट खाली केली, झालं गाठोडं.

नानांनी दोन्ही सायकली गाडी तपासावी तशा तपासल्या. टायरला लाथ मारली, वाकून खालून पाहिलं. शेठ गिअरबद्दल सांगत होते तर मध्येच म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. डिकीमा मावस का, ते सांग." नाना मूळचे पिंपळनेरकडचे, त्यांची अहिराणी जळगावात इतकी वर्षं राहूनही तशीच आहे. आई मुक्ताईनगरची, ती तिच्या पद्धतीनं बोलते. दोघांचा संसार दोन बोलींत चालला आहे आणि माझ्या मते निम्मं एकमेकांना पोचतच नाही.

सायकल घेतली नाही. विचार करते म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आईला घेऊन धुळ्याला गेले. एक खोली बघायला, नुसती बघायला. देवपुरात कमलबाई म्हणून एक बाई आहेत, वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं देतात. एक खिडकी, एक ओटा, बाहेर गॅलरी. जिन्याखाली सायकल राहील इतकी जागा.

मी पाच मिनिटांत पाहून घेतलं आणि निघायला तयार झाले. आई बसली. खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर मांडी घालून बसली आणि उठेचना. कमलबाईंना एकेक विचारत होती. इथे एकट्या बायका राहतात का. रात्री आतून कडी नीट लागते का. दुपारी खाली गोंगाट असतो का. कोणी येतं-जातं का. मी इतकी ओशाळले. जशी काही खोली तिलाच घ्यायची आहे. चहा झाला तरी ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी दोनदा म्हटलं चल, बस जाईल.

बसमध्ये मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, फोल्डिंग की हायब्रिड? ती म्हणाली, वारा चांगला येतो तिथं. हे काय उत्तर झालं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पौर्णिमा. विहारात वंदना झाली, खीर वाटली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळे नानांना नोकरीचं विचारत होते. आणि नानांनी माझ्या देखत सगळ्यांना सांगून टाकलं की समीक्षा अपडाउन करणार, सायकल बसमध्ये जाणार, डिकीचं माप घेऊन आलो आहे. डेपोत जाऊन टेप लावून माप घेतलं म्हणे. बायका मला म्हणाल्या, नशीबवान आहेस, असा बाप मिळत नाही. मी खीर खात होते. तोंडात घास असताना कसं नाही म्हणणार.

आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. भिंगरीनं आज काही केलं नाही. संध्याकाळी जाऊन फोल्डिंग घेतली. निळी आहे.

घेतली ते बरंच झालं. खोलीचं भाडं नाही, स्वयंपाक नाही, घरचं जेवण. आणि माझं खरंच फक्त सायकलशी देणंघेणं होतं. मग मला झोप का येत नाहीये, कळत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस झाले नोकरीला. काम आवडलं. प्रयोगशाळेत मी आणि डिंपल नावाची एक मुलगी, ती धुळ्याचीच, बोलते फार.

अपडाउनचं म्हणाल तर माझी फारच बडदास्त आहे. कंडक्टर लगेजचे पैसे घेत नाहीत. ड्रायव्हरच्या मागची सीट मोकळी ठेवतात. सायकल डिकीत ठेवायला स्वतः खाली उतरतात. काल एकानं तिला वरून पोतं टाकलं, रंगाला ओरखडा नको म्हणून. नाना एसटीत होते त्याचा हा फायदा. उगाच कुरकुरत होते मी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अवधानच्या रस्त्यावर समोरून वारा. पाय फिरतात, सायकल पुढे जात नाही. शेजारून एक पोरगी मोठ्या चाकांच्या सायकलवर आरामात गेली. तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

घरी येईपर्यंत अंधार. जेवले, झोपले. हेच रोज.

८ मार्च, शनिवार

काहीतरी गडबड आहे.

काल मी एरंडोलला बस थांबली तेव्हा खाली उतरून भजी खाल्ली. घरी आले तर नाना म्हणाले, बाहेरचं खाऊ नको, पोट बिघडेल. मी म्हटलं तुम्हाला कसं कळलं. म्हणाले, वास येतो. आज प्रयोगशाळेत महिला दिनाचे गुलाब दिले, त्यामुळे निघायला उशीर झाला आणि नेहमीची गाडी चुकली. दुसऱ्या गाडीत चढले तर कंडक्टर म्हणाला, ताई, आज उशीर केला, आम्ही तुमच्यासाठी दोन मिनिटं थांबलो होतो स्टँडवर. त्याला कोणी सांगितलं मी अजून यायची आहे? आणि तो लगेच मागे जाऊन फोनवर बोलला.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, तुझ्या नानांचा दिवस कसा जाईल मग? आता या उत्तराचा अर्थ मी काय लावू?

१९ मार्च, बुधवार

रागात लिहिते आहे, अक्षर बघा.

आज दुपारी कारखान्यात वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. तीनच्या सुमाराची गाडी मिळाली. पारोळा आलं. बस स्टँडवर थांबली. ऊन कलायला लागलं होतं, बाहेर गव्हाची कापणी चाललेली, आणि मला एकदम वाटलं की आता मी या सीटवर आणखी एक मिनिट बसले तर ओरडेन. उतरले. डिकी उघडायला लावली. कंडक्टर म्हणाला ताई कुठं? मी म्हटलं, इथूनच. सायकल उघडली आणि एरंडोलच्या रस्त्याला लागले.

त्या लहान चाकांवरसुद्धा काय मजा आली. कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात ढीग करून ठेवलेल्या, बांधावर माणसं कणसं भाजत बसलेली. एका ठिकाणी थांबून पाणी प्याले. एका आजींनी विचारलं, कोठे चालनी बाई? मी म्हटलं, अशीच. त्यांना ते पटलं. या महिन्यात कोणाला तरी माझं उत्तर पटलं ते त्यांना.

एरंडोल जवळ आलं होतं. मागून एक एसटी आली, पुढे जाऊन कडेला थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर बघताहेत. मी त्याला ओळखतही नव्हते. तो म्हणाला, "समीक्षाताई, गाडीत बसा. नाना परेशान शेतस. एरंडोलले ई ऱ्हायनात."

म्हणजे पारोळ्याला माझा पाय खाली लागला तेव्हाच फोन गेला होता. म्हणजे भजी, गुलाब, उशीर, सगळं. महिनाभर पूर्ण डेपो माझ्यावर नजर ठेवून होता आणि मी समजत होते माझी बडदास्त चालली आहे.

ड्रायव्हरनं सायकल घडी न घालता तशीच आत चढवली, मी बसमध्ये बसले. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. एरंडोल स्टँडवर नाना स्कूटर लावून उभे होते, जळगावहून आलेले, डोक्यावर रुमाल बांधलेला, घामानं चिंब. त्यांनी माझ्या हातातली सायकल घेतली, घडी घालायला गेले, त्यांना ती जमेना. मी मदत केली नाही. उभी राहून बघत राहिले.

२० मार्च, गुरुवार

आज कामाला गेले नाही. घरात भांडण झालं, आणि ते असं वळलं की मला अजून नीट समजलेलं नाही. जसं झालं तसं लिहून ठेवते.

मी सकाळीच सुरुवात केली. म्हटलं, तुम्ही कंडक्टरांना पहारेकरी केलंत. म्हटलं, मी काय पार्सल आहे, एका डेपोतून दुसऱ्या डेपोत पोच द्यायला. बरंच काही म्हटलं. नाना मान खाली घालून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, तुम्ही तीस वर्षं मुक्कामी गाडीवर होतात, तेव्हा कुठे आहात, कसे आहात, हे आईला कोण कळवत होतं?

नानांनी वर पाहिलं. म्हणाले, "तेच तं सांगस. मी तीस वरीस भायेर झोपनू. तुनी मायना बठ्ठा जलम वाट देखामाच गया. आते ह्या घरमा परत तेच नको."

त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं आता आई पदर डोळ्याला लावेल, आणि मग मी हरलेच.

आई ओट्याशी उभी होती. तिनं गॅस बारीक केला. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी वाट नव्हती पाहत. तुम्ही गाडी घेऊन गेले, पोरं झोपली, की मी कडी लावायची आणि एकटी बसायची. कोणाचं काही करायचं नसायचं. मला फार बरं वाटायचं."

नाना तिच्याकडे बघत राहिले. आईनं गॅस परत मोठा केला आणि म्हणाली, पोरीला ती खोली घेऊ द्या.

नाना उठून बाहेर गेले. स्कूटर इथेच आहे, पायी गेलेत.

मी जिंकले बहुतेक. आईनं माझी बाजू घ्यायला हे काहीतरी बनवून सांगितलं असणार. पण सांगताना ती नानांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही.

२१ मार्च, शुक्रवार

नाना आज दिवसभर बाहेर होते. जेवायला आले, जेवून पुन्हा गेले.

२९ मार्च, शनिवार

खोली पक्की केली. सहा तारखेला जायचं.

आठवडाभर मी घरात भांडी लावते, कपडे भरते आणि सारखी या खोलीतून त्या खोलीत जाते. मिळालं ना पाहिजे ते, मग स्वस्थ बस. नाही जमत. हायब्रिड धुळ्यातच कुठेतरी पाहीन. फोल्डिंग कोपऱ्यात घडी घालून पडली आहे, आठवडाभर मी बसनं नुसती जाते आणि पुढे रिक्षा. कंडक्टर आता तिकीट देऊन निमूट पुढे जातात. ड्रायव्हरच्या मागची सीट मोकळी नसते.

नानांची नवी सवय झाली आहे. संध्याकाळ झाली की घराबाहेर पडतात. विहाराच्या पायरीवर बसतात, नाहीतर डेपोत. अंधार पडल्यावर बऱ्याच वेळानं येतात. माझ्यावर राग आहे त्यांचा, दुसरं काय. राग असेल तर बोलावं ना. आईला म्हटलं, तू तरी समजाव. ती म्हणाली, मी काय समजावू त्यांना, आणि डबा भरत राहिली. तिचा चेहरा उतरलेला होता. आता हिला काय झालं?

६ एप्रिल, रविवार

खोलीत आहे. माझ्या खोलीत. हे वाक्य लिहायचं म्हणून दिवसभर वाट पाहत होते, आणि आता ते लिहिताना माझ्या खोलीत मी एकटी नाही.

सकाळी निघाले. नाना घरात नव्हते. आईनं लाडू दिले, चौदा एप्रिलला जयंतीला नक्की ये म्हणाली. मी विचारलं, नाना कुठे? तिला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. दोन पिशव्या घेऊन साध्या प्रवाशासारखी आले. दुपारी खोली झाडली, ओटा पुसला, खाटेवर पडून छताकडे बघितलं. आता कोणी विचारणार नाही. दहा मिनिटं फार छान गेली, मग काय करावं कळेना.

संध्याकाळी खालून कमलबाईंची हाक आली. गॅलरीतून पाहिलं तर नाना. हातात हायब्रिडचा सांगाडा, खांद्याला दोरीनं बांधलेली दोन चाकं. काळी. मी गिरधर शेठकडे चालवली होती तीच. फोल्डिंग शेठनं परत घेतली म्हणे, वर किती घातले ते नानांनी सांगितलं नाही. चाकं काढून डिकीत टाकली, सांगाडा तरी मावेना तर तो शेवटच्या सीटवर स्वतःच्या मांडीशी धरून आणला. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडत नव्हता, नानांनी हट्टानं फाडून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावरून मागच्या सीटवर बसून आलो, इतकंच म्हणाले. मागे फार आदळतं म्हणाले.

जिन्याखाली बसून त्यांनी चाकं चढवली. हँडल जरासं वाकडं लागलं आहे. मी दाखवलं नाही. मी त्यांना कशी बोलले होते, पार्सल काय, पहारेकरी काय. म्हटलं चला, चहा करते.

चहा झाला. मी वाट पाहिली की ते आता उठतील. शेवटची गाडी किती वाजता असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण ते खाली सतरंजीवर बसून होते. मी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. मग सरळ म्हटलं, नाना, गाडी जाईल. ते म्हणाले, जाऊ दे.

आणि मला पुन्हा तोच संताप आला. खरं सांगते. सायकल आणून देतात आणि पहिल्याच रात्री पहाऱ्याला बसतात. कडी नीट लागते का बघणार, शेजारी कोण आहे बघणार, सकाळी कमलबाईंना माझ्याबद्दल सूचना देणार. मी म्हटलं, नाना, मी इथे नीट आहे. तुम्हाला माझ्यावर लक्ष ठेवायची गरज नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले, जसं काही मी कोणा दुसऱ्याबद्दल बोलत होते. मग सतरंजीचा कोपरा सरळ करत म्हणाले, "तुन्हा साठे नही. आज मी आठेच झोपस. तुनी मायले जरा बरं वाटी."

मी खाटेवरची उशी काढून त्यांना दिली.

ते आता झोपले आहेत. चपला दाराशी अशा काढून ठेवल्या आहेत की उठल्या उठल्या पायात घालून निघता यावं. मी मघाशी गॅलरीत जाऊन आईला फोन केला. म्हटलं, नाना इथे आहेत, उद्या येतील, तू काळजी करू नको. ती म्हणाली, जेवले का ते? म्हटलं, हो. मग म्हणाली, त्यांना सांग, उद्या पहिल्या गाडीनं या. मी विचारलं, काही काम आहे का? ती म्हणाली, नाही.